मॅग्नेटचा रॉड ‘क्लिनिकली टेस्टेड’ आहे म्हणजे नक्की काय तपासलंय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी १९ वर्षांची, तान्ही असताना डाव्या मांडीच्या हाडात पू झाला होता, त्यात गुडघ्याजवळची वाढीची प्लेट खराब झाली आणि आता डावा पाय साडेचार सेंमी आखूड आहे. सर्जन म्हणाले की पायाभोवती बाहेरून, हाडात घातलेल्या पिनांवर धातूच्या रिंगा लावायची गरज नाही, हाडाच्या आत बसणारा, मॅग्नेटवर लांब होणारा रॉड घालू, नवीन कंपनीचा आहे, ‘क्लिनिकली टेस्टेड’ आहे, त्याचा एक स्टडी चालू आहे त्यात हिला घेऊ. वडील विचारतायत की टेस्टेड म्हणजे नक्की काय झालेलं असतं, आणि सही करावी का.

मी हाडांचा सर्जन आहे, पाय लांब करायची ऑपरेशनं बरीच वर्षं करतोय, आधी रिंगांनी आणि नंतर आतल्या रॉडनी, आणि अशा स्टडीमध्ये इन्व्हेस्टिगेटर म्हणून कामही केलंय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, वेळ काढून वाचा.

आधी हे लक्षात घ्या की नवीन हाड रॉड बनवत नाही, शरीर बनवतं. हाड काळजीपूर्वक कापायचं, पाच-सात दिवस काही करायचं नाही, मग दोन्ही टोकं रोज एक मिलिमीटर लांब न्यायची, मधली फट शरीर स्वतः भरतं. सायबेरियातल्या कुर्गानमध्ये गावरिल इलिझारोव्ह यांनी १९५० च्या दशकापासून हे काम केलं आणि त्यांचे कुत्र्यांच्या नडगीवरचे प्रयोग १९८९ मध्ये इंग्रजीत छापून आले. त्यात दिसलं की दिवसाला अर्धा मिमी नेलं तर हाड मुदतीआधीच जुळून बसतं, दोन मिमी नेलं तर फटीत नीट हाड धरत नाही आणि स्नायू-नसांचे हाल होतात, एक मिमीला जमतं. आणि तो एक मिमीसुद्धा एका झटक्यात देण्यापेक्षा चार वेळा विभागून बरा, मोटर लावून ६० वेळा विभागून दिला तर त्याहून बरा. म्हणजे रॉडकडून आपल्याला काय पाहिजे ते अगदी स्पष्ट आहे: रोज ठरलेलं अंतर, कमी नाही जास्त नाही, दोनेक महिने सलग, मग हाड पक्कं होईपर्यंत वजन झेलणं, आणि या सगळ्यात शरीराला स्वतःचा काही त्रास न देणं. टेस्ट करायचं असेल तर हे सगळं टेस्ट करायला पाहिजे, आणि गडबड इथेच होते, कारण पहिल्या दोन गोष्टी तपासायला सोप्या आहेत आणि शेवटची तपासायला वर्षं लागतात.

‘टेस्टेड’ या शब्दाखाली सगळ्यात आधी येतं ते मशीनवरचं टेस्टिंग. हाडातल्या रॉडसाठी एएसटीएम एफ १२६४ नावाचं स्टँडर्ड आहे, त्यात रॉड चार बिंदूंवर धरून वाकवतात, पिळतात, आणि लाखो वेळा वाकवून थकवतात, तार सारखी वाकवली की शेवटी तुटते तसा हा कधी तुटतो ते बघायला. इथे विचारायचं असेल तर एवढंच विचारा की सगळ्यात बारीक साईझ, पूर्ण बाहेर आलेल्या अवस्थेत टेस्ट केली का, कारण लांब होणारा रॉड नळीत नळी असा असतो आणि तो जेवढा बाहेर येतो तेवढा कमकुवत होतो. शिवाय आयएसओ १०९९३ प्रमाणे धातू शरीरात चालतो का हे पेशींवर आणि प्राण्यांवर बघतात. हे सगळं गरजेचं आहे, यातलं एकही गाळून चालत नाही, पण यात माणूस कुठेच नाही.

आणि खूप लोकांना धक्का बसतो तो यापुढच्या गोष्टीचा. अमेरिकेत असे बरेच रॉड बाजारात आले ते ५१० के नावाच्या रस्त्याने. त्यात कंपनीने दाखवायचं असतं की आमचं उपकरण आधीच बाजारात असलेल्या अमुक उपकरणाशी बऱ्यापैकी सारखं आहे, आणि ते पटलं तर माणसांवरची मोठी ट्रायल न करताही परवानगी मिळू शकते. बेकायदेशीर काही नाही, पद्धतच ती आहे. पण ‘एफडीएने (अशी परवानगी देणाऱ्या अमेरिकन सरकारी संस्थेने) पास केलंय’ हे ऐकून आपल्या डोळ्यासमोर शेकडो पेशंटची ट्रायल येते, तशी ती झालेली असेलच असं नाही.

आयएसकेडी नावाचा रॉड होता, २००१ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. कल्पना हुशारीची होती, पाय काही अंश फिरला की आतला क्लच एका दिशेने सरकायचा आणि रॉड लांब व्हायचा, म्हणजे पेशंटच्या चालण्यानेच काम व्हायचं. मशीनवर ठीक. पण माणूस झोपेत कूस बदलतो, संडासला बसतो, जिना चढतो, काही जणांत तो रॉड ठरल्यापेक्षा कितीतरी वेगाने पळायला लागला, आमच्यात त्याला रनअवे नेल म्हणतात. इलिझारोव्ह यांच्या कुत्र्यांत दोन मिमीला जे झालं तेच मग माणसांत, फट रिकामी, वेदना, नसा ताणलेल्या. आणि पुढे गेलेला रॉड मागे घ्यायची सोय नाही. काही पेशंटमध्ये उलट झालं, रॉड हललाच नाही आणि हाड जुळून गेलं. वेगावर ताबा हा मुख्य मुद्दा, तोच माणसांत जाऊन कळला.

मॅग्नेटच्या रॉडने हा प्रश्न खरोखर सोडवला, हे मनापासून सांगतो. कॅलिफोर्नियातल्या एलिप्स कंपनीच्या प्रिसाईसला २०११ मध्ये परवानगी मिळाली. रॉडच्या आत छोटा मॅग्नेट, त्याला जोडलेले गिअर आणि स्क्रू, बाहेरून मांडीवर रिमोट ठेवला की त्यातले मोठे मॅग्नेट फिरतात आणि आतला मॅग्नेट फिरून रॉड लांब होतो, आणि जास्त झालं तर मागेही घेता येतो. जर्मनीत त्याआधीपासूनच फिटबोन होता, त्यात आत मोटर आणि कातडीखाली छोटी अँटेना. रिंगा लावलेल्या पेशंटचे पिनपाशी पू होणं, कपडे, झोप, महिनोन्महिने लोकांच्या नजरा हे सगळं ज्याने जवळून पाहिलंय त्याला आतल्या रॉडची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. सुरुवातीच्या प्रिसाईसमध्ये जोडाच्या जागी तुटण्याच्या घटना झाल्या, मग डिझाईन सुधारलं. मांडीच्या हाडात ठरवलेली लांबी आणि मिळालेली लांबी यात फरक फार थोडा राहतो हे बऱ्याच सेंटरांनी छापलंय आणि माझाही अनुभव तोच आहे.

आता स्ट्राईड नावाच्या रॉडबद्दल जरा थांबून वाचा, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर मुख्यतः इथे आहे.

प्रिसाईस टायटॅनियमचा, त्यावर पूर्ण वजन देता येत नाही, पेशंट महिनोन्महिने कुबड्यांवर. म्हणून त्याच घराण्यातला स्टीलचा जास्त मजबूत रॉड आला, स्ट्राईड, २०१८ मध्ये अमेरिकेत परवानगी. तोपर्यंत एलिप्स कंपनी न्यूवेझिव्हने घेतली होती. पेशंट लवकर पायावर उभे राहायला लागले, दोन्ही पाय एकदम करता यायला लागले, आणि उंची वाढवण्यासाठी येणाऱ्यांमध्ये तर तो फारच लोकप्रिय झाला. वेग बरोबर, अचूकता बरोबर, रॉड तुटत नाही, म्हणजे जे मोजत होते ते सगळं छान येत होतं. मग डेन्मार्कमधल्या सर्जनना दिसायला लागलं की लांबवणं संपलेल्या, हाड भरत आलेल्या पेशंटना नव्यानेच दुखायला लागलंय, आणि एक्स-रेमध्ये नळीत नळी जिथे जाते बरोबर त्या जागी हाड विरघळल्यासारखं दिसतंय, आजूबाजूचं हाडाचं आवरण जाड झालंय. काढलेले रॉड तपासले तर त्याच जोडावर गंज. स्टील चांगलं, मशीनवर पास झालेलं, पण दोन नळ्यांमधल्या अरुंद फटीत शरीरातलं पाणी अडकतं, चालताना तिथे बारीक घासण होते, आणि हे दोन्ही मिळून महिनोन्महिने चाललं की गंजतं. २०२१ च्या सुरुवातीला कंपनीने जगभरातून स्ट्राईड मागे घेतला, ब्रिटनमध्ये औषधं-उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या एमएचआरएने तर त्या वर्षी टायटॅनियमच्या प्रिसाईसवरसुद्धा काही काळ थांबा घातला होता, तो नंतर परत वापरात आला.

यात हिशोब बघा. पाच सेंमी लांबवायला साधारण पन्नास दिवस. हाड पक्कं व्हायला त्याच्या दुप्पट किंवा जास्त, म्हणजे सहाएक महिन्यांत पेशंट बऱ्यापैकी मोकळा. बहुतेक पेपरमध्ये मुख्य मोजमाप इथपर्यंतच, लांबी किती मिळाली, किती दिवसांत हाड भरलं. त्रास मात्र ‘यशस्वी’ असा शिक्का बसल्यावर सुरू झाला. म्हणून मी कुठलाही स्टडी वाचताना पहिल्यांदा बघतो की पेशंटला शेवटचं कधी पाहिलं, रॉड काढेपर्यंत पाहिलं का, आणि काढलेला रॉड कापून मायक्रोस्कोपखाली कुणी बघितला का. माझ्या मते लांब होणाऱ्या रॉडची टेस्ट तो बाहेर येऊन तपासला जाईपर्यंत पूर्ण होतच नाही, त्याआधीचा प्रत्येक रिपोर्ट अर्धवट रिपोर्ट आहे.

आकड्यांबद्दलही सांगतो कारण कन्सेंट फॉर्मसोबत तुम्हाला एखादं पत्रक देतील त्यात ‘३० पेशंट, एकही रॉड तुटला नाही’ असं काहीतरी असेल. ३० पैकी शून्य म्हणजे शून्य टक्के नाही. संख्याशास्त्रात सोपा नियम आहे, एकही घटना झाली नसेल तर तीन भागिले पेशंटची संख्या करा, खरा दर तेवढ्यापर्यंत असू शकतो. म्हणजे ३० पेशंटमध्ये शून्य असेल तर खरा दर १० टक्क्यांपर्यंत असू शकतो, ३०० मध्ये शून्य असेल तर १ टक्क्यापर्यंत. आमच्या क्षेत्रात एका सेंटरला ३०० पेशंट जमवणं फार कठीण, आजार दुर्मिळ आणि प्रत्येकाचा वेगळा, एकाला जन्मजात, एकाला पोलिओ, एकाला अपघात, म्हणून छोटे स्टडी होणारच, त्यात कुणाची लबाडी नाही. पण छोट्या स्टडीवरून मोठं आश्वासन देऊ नये.

तसंच ‘कॉम्प्लिकेशन ५ टक्के’ वाचलं की कॉम्प्लिकेशन कशाला म्हटलंय ते बघा. ड्रॉर पेली यांनी १९९० मध्ये तीन कप्पे केले ते अजून वापरतात: ऑपरेशनशिवाय सुटलं ते प्रॉब्लेम, परत ऑपरेशन करून सुटलं ते ऑबस्टॅकल, आणि उपचार संपेपर्यंत सुटलंच नाही ते खरं कॉम्प्लिकेशन. आता एखाद्याने फक्त शेवटचा कप्पा मोजला तर ज्या मुलीला गुडघा आखडला म्हणून परत टेबलावर घ्यावं लागलं ती त्या ५ टक्क्यांत येतच नाही. तिन्ही कप्पे वेगवेगळे छापलेले असतील तर लिहिणारा प्रामाणिक आहे असं समजा.

मोजलं काय हा प्रश्न फक्त रॉडचा नाही, हाड जुळवायच्या सगळ्याच उपकरणांत तो आहे. अल्ट्रासाऊंडचं छोटं मशीन, रोज वीस मिनिटं फ्रॅक्चरवर लावायचं, १९९४ मध्ये नडगीच्या ६७ फ्रॅक्चरवरच्या ट्रायलमध्ये हाड लवकर जुळलं, परवानगी मिळाली, जगभर विकलं गेलं. मग ट्रस्ट नावाची ट्रायल झाली, नडगीत रॉड घातलेले ५०१ पेशंट, अर्ध्यांना खरं मशीन अर्ध्यांना तसंच दिसणारं बंद मशीन, आणि फक्त एक्स-रे नाही तर माणूस कामावर कधी गेला, पायावर पूर्ण वजन कधी दिलं हेही मोजलं. २०१६ मध्ये निकाल छापला, काहीच फरक नाही. हाड बनायला चालना देणाऱ्या बीएमपी-२ प्रोटीनचंही बघा, उघड्या फ्रॅक्चरच्या ४५० पेशंटमध्ये २००२ साली परत ऑपरेशन लागण्याचा धोका ४४ टक्क्यांनी कमी दिसला, पण पुढे २०११ मध्ये ज्यांच्यात हाडाची पोकळी रीम करून, म्हणजे आतून कोरून रुंद करून, जाड रॉड घातला होता अशा २७७ जणांत तपासलं तेव्हा हाड जुळायचा वेग काही खास वाढला नाही. तुलना कशाशी केली यावर इतकं अवलंबून असतं. रॉडची रिंगांशी तुलना करणाऱ्या ट्रायलमध्ये तर बंद मशीन देता येत नाही, रिंग आहे की नाही हे पेशंटला दिसतंच, त्यामुळे निदान एक्स-रे वाचणारा माणूस तरी ऑपरेशन करणारा नसावा, आणि मोजताना शेजारी ठरावीक मापाचा गोळा ठेवून काढलेले एक्स-रे असावेत नाहीतर मिलिमीटरच्या गोष्टी करण्यात अर्थ नाही.

मांडीच्या हाडात अजून एक बारीक गोष्ट असते. आतला रॉड हाडाच्या सरळ रेषेत लांब होतो, पायाचं वजन मात्र खुब्यापासून घोट्यापर्यंतच्या वेगळ्या रेषेत जातं, त्यामुळे दर सेंमीमागे ती रेषा गुडघ्याशी साधारण एक मिमी बाहेर सरकते. साडेचार सेंमीला हे चालून जातं, पण तुमच्या मुलीची वाढीची प्लेट एका बाजूने जास्त खराब झाली असेल आणि गुडघा आधीच वाकडा असेल तर चालून जाणार नाही, ते ऑपरेशनच्या वेळीच सरळ करावं लागेल. पूर्ण पायाचा उभ्याने काढलेला एक्स-रे झाला असेलच, त्यावर हे सर्जनना विचारा.

आता आपल्याकडच्या नियमांकडे येऊ. आपल्याकडे २०१७ चे मेडिकल डिव्हाईस रूल्स आहेत. ज्याच्यासारखं उपकरण देशात आधी मंजूर नाही त्यावर माणसांत तपासणी करायची तर सीडीएससीओची, म्हणजे औषधं-उपकरणांवर नियंत्रण ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेची परवानगी लागते, तिचा फॉर्म एमडी-२३, एथिक्स कमिटीची मंजुरी लागते, आणि सीटीआरआयवर, म्हणजे देशातल्या क्लिनिकल ट्रायलच्या सरकारी नोंदवहीत, नोंदणी असावी लागते, ती साईट कुणालाही उघडून बघता येते. तुम्ही नंबर मागा आणि घरी बसून वाचा, त्यात लिहिलेलं असतं किती पेशंट घेणार, काय मोजणार, किती महिने बघणार. नंबर द्यायला कुणी टाळाटाळ केली तर तो स्टडी नाही, नुसतं नवीन रॉड वापरून बघणं आहे, आणि तिथे सही करू नका असं मी स्पष्ट सांगेन. खऱ्या स्टडीत उपकरणामुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि नुकसानभरपाई हे नियमातच आहे, ते फॉर्मवर मराठीत लिहिलेलं पाहिजे, मधेच स्टडी सोडायचा हक्कही तिचा आहे, आणि फॉर्मची एक प्रत तुमच्याकडे राहते. सही तिची लागते, तुमची नाही, ती १९ ची आहे, त्यामुळे सर्जनना भेटायला जाताना तिला आत घेऊन जा आणि तिचे प्रश्न तिला विचारू द्या.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, जे कदाचित तुमच्या लक्षात आलं नसेल. तिला लहानपणी त्याच हाडात पू झाला होता. बहुतेक रॉडच्या स्टडीमध्ये हाडाचं इन्फेक्शन झालेले पेशंट वगळलेले असतात, कारण हाडाच्या पोकळीत धातूची लांब नळी घातली आणि तिथे जुने जंतू दबून असतील तर पू संपूर्ण मांडीभर पसरू शकतो, आणि या जंतूंना वीस-वीस वर्षं गप्प बसायची सवय असते. म्हणजे रॉडचे छापलेले निकाल कितीही चांगले असले तरी ते तुमच्या मुलीसारख्या मुलींचे नसण्याची शक्यता जास्त. सीटीआरआयच्या पानावर कुणाला घेणार नाही अशी यादी असते, त्यात जुनं इन्फेक्शन आहे का ते आधी बघा. असेल तर तिला त्या स्टडीत घेताच येत नाही, आणि तरी घेत असतील तर का घेतायत हे एथिक्स कमिटीला विचारायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे, कमिटीचा फोन नंबर फॉर्मवर असतो.

नसेल तरी ऑपरेशनआधी ईएसआर, सीआरपी (इन्फेक्शनचा अंदाज देणाऱ्या रक्ताच्या तपासण्या) आणि त्या मांडीचा एमआरआय करून घ्या, आधीच, कारण मॅग्नेटचा रॉड बसल्यावर एमआरआय करणं फार अवघड होऊन बसतं. शंका राहिली तर आधी हाडाचा तुकडा काढून कल्चरला पाठवतात, आणि त्यात काही आलं तर मी स्वतः तिला रिंगाच सुचवेन. रिंगांत पिनपाशी पू होतो पण तो सहसा कातडीपाशी राहतो, आतल्या पोकळीत क्वचितच जातो, जुन्या इन्फेक्शनच्या हाडात हाच फरक निर्णायक आहे. रिंगांचा त्रास पाच-सहा महिन्यांचा असतो हे खरं, पण रिंगांची ही इलिझारोव्ह पद्धत आपल्याकडे १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून चालू आहे, मुंबई-पुण्याबाहेरही अनुभवी लोक मिळतात.

सगळं स्वच्छ निघालं आणि आतला रॉडच घालायचं ठरलं तर दोन गोष्टी लिहून घ्या. एक, रॉड काढायचं ऑपरेशन कधी, कुणाच्या खर्चाने, आणि काढलेला रॉड तपासणीला पाठवणार का. दुसरं, हाड भरल्यानंतरही निदान दर तीन-चार महिन्यांनी एक्स-रे, रॉड निघेपर्यंत. लांबवणं संपून सगळं छान चाललेलं असताना मांडीत मध्यावर नव्याने दुखायला लागलं तर ‘फिजिओ कमी पडतंय’ म्हणून घरी पाठवू देऊ नका, त्याच दिवशी एक्स-रे मागा आणि नळीच्या जोडापाशी हाड कसं दिसतंय ते विचारा, आणि उपकरणाचा संशय आला तर मटेरिओव्हिजिलन्स प्रोग्रॅमकडे (वैद्यकीय उपकरणांमुळे झालेल्या त्रासाची नोंद ठेवणारा सरकारी कार्यक्रम) तक्रार नोंदवायला सर्जनना सांगा, गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडून तो २०१५ पासून चालतो.